मी पाडलेला आमदार

त्याची पहिली निवडणूक माझ्यामुळे गेली, असं माझी आई आयुष्यभर म्हणत आली. मी ते कधी कबूल केलं नाही आणि आजही करणार नाही. काय झालं ते सांगते, मग तुमचं तुम्ही ठरवा.

ऐंशीच्या दशकात मी ग्लासगोला लॉ करत होते. आईबाबा लंडनजवळच्या स्लाऊला, बाबा तिथल्या औद्योगिक वसाहतीतल्या एका वेअरहाउसमध्ये सुपरवायझर. माझ्या वर्गात मलेशियाहून आलेला एक मलय मुलगा होता, त्याच्या राज्याच्या सरकारी स्कॉलरशिपवर आलेला. आम्ही सगळे लंडनमधल्या मोठ्या फर्मची स्वप्नं बघत होतो आणि हा पहिल्याच आठवड्यात शांतपणे म्हणाला, मी परत जाऊन राज्याच्या विधानसभेला उभा राहणार. का, तर पुलासाठी. त्याच्या गावाला लागून नदी होती. शाळा आणि दवाखाना पलीकडे. जायला एक होडी, आणि ती आमदाराच्या पुतण्याची. आमदार वर्षानुवर्षं तोच, मग पूल होतोय कशाला? नदी फुगली की होडी बंद. त्याची धाकटी बहीण त्यापायीच शाळा सोडून घरी बसली होती. हे सांगताना त्याचा आवाज जरासुद्धा चढला नाही. मी असते तर टेबल बडवलं असतं.

पहिल्या वर्षीच्या डिबेटला तो बोलायला उभा राहिला. मुद्दे बिनतोड. पण समोरच्या पक्षाकडे निर्देश करायची वेळ आली की हा चार बोटं मिटायचा आणि वरच्या अंगठ्याने हलकेच तिकडे दाखवायचा. तिसऱ्यांदा त्याने तसं केलं तेव्हा मागून एक जण ओरडला, ‘लिफ्ट हवीय का? कुठपर्यंत सोडू?’ अख्खा हॉल हसला. त्याने भाषण पूर्ण केलं आणि खाली बसला. कान लाल झाले होते.

माझं डोकं असं सणकलं की काही विचारू नका. आम्ही चार-पाच जण एकाच घरात राहायचो. तिथल्या किचनमध्ये मी त्याला फैलावर घेतलं. ‘बोट रोख, सरळ बोट.’ तो म्हणाला, ‘आमच्यात माणसाकडे बोट दाखवत नाहीत. मोठ्यांकडे तर नाहीच.’ मी म्हटलं, ‘आमच्यात तरी कुठे दाखवतात? माझी आई थोबाडीत देईल. पण इथे तुझी अदब बघायला कोणी बसलेलं नाही, इथे तुला कच्चा खातील.’ मग रोज संध्याकाळी भांडी घासताना मी विरोधी पक्ष व्हायचे आणि तो माझ्यावर बोट रोखायचा. आठवडाभर त्याचं बोट अर्ध्यावर येऊन वाकायचं. मी फेसाळ हाताने ते सरळ करायचे. त्या वर्षी फायनल त्याने जिंकली आणि मी मात्र कप माझाच असल्यासारखी गावभर मिरवले.

डिग्री घेऊन तो परत गेला आणि बोलल्याप्रमाणे उभा राहिला. निकालानंतर त्याचं पत्र आलं. गावच्या सभेत तो म्हातारा आमदार पहिल्या रांगेत बसला होता. याच्या वडिलांचा मित्र, याला लहानपणी ज्याने खांद्यावर घेऊन फिरवलं तो माणूस. बोलता बोलता हा पेटला, होडी कोणाची ते सांगा म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर बोट रोखलं. सभा गार पडली. याची स्वतःची आई उठून निघून गेली. दुसऱ्या दिवशी घराघरात एकच, पोरगं विलायतेहून उद्धट होऊन आलं. पडला. पत्रात मला दोष असा कुठेच नव्हता. शेवटी फक्त लिहिलं होतं, ‘बोट मात्र अगदी सरळ होतं.’

मी तिरीमिरीत उत्तर लिहिलं. खबरदार माफी मागितलीस तर, खोटं काय बोललास तू, लोकांना होडीपेक्षा बोट जास्त खुपत असेल तर जाऊ देत बुडत. पण माझं पत्र पोचेपर्यंत हा माफी मागून मोकळा झाला होता. ईदला म्हाताऱ्याच्या घरी गेला, वाकला, त्याचा हात हातात घेतला आणि भरल्या घरात म्हणाला, ‘बोट दाखवलं ते चुकलं. प्रश्न चुकला नव्हता. पूल पाहिजे.’ त्याच्या पुढच्या पत्रात हे वाचून मी ते भिरकावलं. आईने ते उचललं, सावकाश वाचलं आणि म्हणाली, ‘शहाणा आहे हो. तुझ्यापेक्षा तर नक्कीच.’

पुढची निवडणूक तो जिंकला. काही वर्षांनी राज्याच्या मंत्रिमंडळातही गेला. नव्वदच्या दशकात त्यांच्या सरकारचं एक शिष्टमंडळ घेऊन इंग्लंडला आला, तेव्हा मी रीडिंग शहरात सॉलिसिटर होते. एका संध्याकाळी जेवायला आला. आईबाबाही स्लाऊहून आले होते. बाबांनी पानावर बसताक्षणी विचारलं, ‘मग, पूल झाला का?’

‘झाला, अंकल. गेल्या वर्षी.’

‘उद्घाटन तूच केलं असशील,’ मी म्हटलं.

‘नाही. रिबन त्यांच्या हातून कापली.’ त्यांच्या म्हणजे त्याच म्हाताऱ्याच्या.

मी वरणाचा डाव तसाच खाली ठेवला. इतकी वर्षं ज्याने पूल अडवला, त्याच्या हातात कात्री? माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. तो शांतपणे भात कालवत राहिला. मी थांबल्यावर म्हणाला, ‘रिबन कापल्यावर पहिलं त्यांनाच चालत जावं लागलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकट्याने. सगळं गाव बघत उभं होतं. खाली पुतण्याची होडी बांधलेली होती. मला एक शब्द बोलावा लागला नाही.’

आई हसली. मला ते सहन होईना.

‘मी असते तर कात्री दिलीच नसती,’ मी म्हटलं.

‘माहीत आहे,’ तो म्हणाला. ‘तू असतीस तर ते पुन्हा निवडून आले असते. आणि माझ्या बहिणीची मुलगी आज घरी बसली असती.’