अंजनाबाईचा हिस्सा

अंजनाबाई शहरात, इतवारीतल्या एका धान्याच्या दुकानात तांदूळ निवडायची. नवरा गेला तेव्हा ती पेटी घेऊन कळमन्याला, माहेरी भावाकडे गेली होती. चंद्रभाननं बहिणीला कधी ‘जा’ म्हटलं नाही. फक्त त्याच्या बायकोच्या, सुभद्रेच्या, पाठीत कळ यायला लागली आणि नणंद समोर असेपर्यंत ती थांबेना. महिन्याभरात अंजनाबाई शहरात परतली आणि टिनाच्या एका भाड्याच्या खोलीत राहू लागली.

दर भाऊबीजेला ती ओवाळायला जायची. चंद्रभान चार लोक ऐकतील अशा आवाजात म्हणायचा, “घर तुझंबी हाय वं. तुझं नाव मी काढलं नाही.” मग ती संध्याकाळच्या बसनं परत यायची. घराच्या कागदावर नाव खरोखरच होतं. बापाच्या मागे वारस म्हणून दोघांची नावं लागली होती, आणि बहिणीचं नाव न काढणारा भाऊ म्हणून चंद्रभानला गावात मान होता. त्या मानाला खर्च काही नव्हता.

एकोणऐंशी साली कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी राहायचे सरकारी गाळे झाले. अंजनाबाईनं अर्ज केला आणि सोडतीत तिची चिठ्ठी निघाली. दुसरा मजला, एक खोली, ओटा, आतच नळ. चौकीदाराची मनधरणी करून ती तो नळ एकदा उघडूनही आली. पाणी अजून सोडलेलं नव्हतं. इकडे टिनाच्या खोल्यांच्या मालकानं पावसाळ्याआधी जागा रिकामी करायला सांगितलं होतं.

पात्रता तपासणारे निरीक्षक मधुसूदनराव सज्जन गृहस्थ होते.

“बाई, शहरात हिश्शाचं घर असलं तर गाळा देता येत नाही. आणि नियमाच्या दृष्टीनं कळमना शहरातच येतं.”

“तिथं मले कोणी राहू देत नाही, सायब.”

“मग भावानं तसं म्हणावं. मी पाहणीला येतो. माझ्यासमोर म्हणावं, हिला इथं जागा नाही. तुमचं काम झालं.”

“आन् नाव काढून टाकलं तं?”

“अर्जानंतर काढलेलं चालत नाही. घर सोडू शकतो तो माणूस बेघर कसा?”

अंजनाबाई कळमन्याला गेली. चंद्रभान ओसरीवर दोन शेजाऱ्यांशी बोलत बसला होता. तिनं काम सांगितलं.

“मी तुले कधी नाही म्हटलं का? सांग बरं यांच्यासमोर.”

“नाही, दादा. तू कधीच तसं बोलला नाही.”

“मग सरकारी माणसासमोर मी काहून खोटं बोलू?”

“एकदा बोल ना गा. पुन्हा काही मागणार नाही मी.”

“आन् उद्या पोरींच्या सोयरिकीत हेच निघंल. चंद्रभाननं बहीण घराबाहेर काढली. तू मले बदनाम करून राहिली वं.”

शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. बहिणीला घराबाहेर ठेवल्यानं कोणाच्या सोयरिकी मोडत नाहीत. तसं तोंडानं म्हटल्यानं मोडतात.

पाहणीच्या दिवशी मागच्या खोलीतलं गुरांच्या चाऱ्याचं कुटार बाहेर काढलेलं होतं. भिंतींना ओला चुना, मध्ये खाट, खाटेवर नवी चादर, कोपऱ्यात भरलेला माठ. सुभद्रेनं निरीक्षकांना आग्रह करकरून वडाभात वाढला.

“ही माझ्या बहिणीची खोली,” चंद्रभान म्हणाला. “तिलेच शहर आवडते, तं आपण काय करणार?”

मधुसूदनराव अंजनाबाईकडे वळले. “ही तुमचीच खोली ना?”

अंगणात अर्धी आळी जमली होती.

“ही आज केली, सायब.”

“केली ना? मग झालं.”

त्यांना मनापासून बरं वाटलं होतं. असे भाऊ आता कुठे राहिलेत, असं ते निघताना म्हणालेही, आणि तेही अंजनाबाईलाच.

गाळा सोडतीतल्या पुढच्या माणसाला गेला. टिनाच्या खोल्या पाडल्या त्या दिवशी अंजनाबाई पेटी आणि वळकटी घेऊन कळमन्याला पोचली. तिला घर आहे असं सरकारनं ठरवलं होतं, आणि सरकारचं ऐकण्यापलीकडे तिच्याजवळ दुसरा उपाय नव्हता. मागच्या खोलीत कुटार पुन्हा आढ्यापर्यंत भरलेलं होतं. खाट शेजाऱ्यांची होती, ती त्यांच्याकडे गेली होती.

चंद्रभाननं पेटीकडे पाहिलं, मग रस्त्याकडे. रस्त्यावर कोणी नव्हतं.

“आली का वं,” तो म्हणाला. “बरं झालं. बस, जेवून जाय.”