जानेवारीतला हुरडा

मैत्रिणींनो, आज दुपारी दारव्ह्यात आमच्या महिला मंडळाचं एप्रिल ते मार्च असं वर्षभराचं कॅलेंडर ठरवायला बसलो होतो. मी सवयीनं जुन्या वहीतून उतरवत गेले आणि जानेवारीपुढं लिहिलं, 'हुरडा'.

विमलकाकू हसल्या. "अवं बाई, ज्वारी कोण पेरते आता? साऱ्या वावरात कापूस अन् सोयाबीन. मागच्या साली हुरडा म्हणून चिवडाच खाल्ला ना आपण!"

मला काकूंच्याच वावरातली शेकोटी आठवली. गरम कणसं चोळून काळे झालेले आमचे सगळ्यांचे हात आठवले.

मी खोडायला गेले, तर काकूंनी पेन धरला. "राहू दे. आधी ऑक्टोबरात लिही, ज्वारी पेरणं. माझ्या वावराच्या कडेची, धुऱ्याजवळची जागा मी देतो."

लिहिलं. आता सांगा, हुरड्याच्या ज्वारीचं बियाणं कोणाच्या घरी उरलं आहे का?