मालेगावला गेलेला म्हातारा

दर शनिवारी माझ्याकडे कॉलेजची एक मुलगी पुस्तक वाचून दाखवायला येते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी काही मुलामुलींनी मिळून हे सुरू केलंय. गंगापूर रोडवरच्या आमच्या घराचा पत्ता माझ्या मुलाने बंगळुरूहून परस्पर देऊन टाकला. मला विचारलंसुद्धा नाही. डोळ्यांचा पडदा खराब झाल्यापासून माझं वाचन सुटलं होतं हे खरं, पण मी काय कुक्कुलं बाळ आहे, कोणी येऊन गोष्ट सांगायला?

माझं दुखणं वेगळंच होतं. हे गेले त्याला वर्ष होत आलं होतं आणि तेवढ्या काळात माझ्यासमोर यांचा विषय कोणी काढला नव्हता. मुलगा रोज फोन करायचा. गोळ्या घेतल्यास का, पाणी आलं का, थंडी कितपत आहे. मी यांच्याविषयी काही बोलायला गेले की म्हणायचा, "आई, आता नको ते." शेजारणी मला बघून बोलणं बदलायच्या. उभा जन्म ज्या माणसाशी बोलण्यात आणि भांडण्यात गेला, त्याचा विषय काढायचीच चोरी झाली होती.

मुलगी नांदगावची, इथे होस्टेलवर राहणारी. आमच्याच कपाटातून तिने एक जाडजूड जुनी कादंबरी काढली. ती मी तरुणपणी वाचलेली होती, पण तसं बोलले नाही. त्यातला म्हातारा मध्यावर मरतो हे मला पक्कं आठवत होतं. खरं तर मी त्या प्रकरणाचीच वाट बघत होते.

ते प्रकरण आलं. मुलगी अडखळली, भराभर पानं उलटल्याचा आवाज झाला, आणि मग तिने वाचलं, "म्हातारा मुलाकडे मालेगावला राहायला गेला."

मी तिला तसंच वाचू दिलं. पुढच्या शनिवारी तिची पंचाईत झाली, कारण पुस्तकातली म्हातारी आता एकटी होती आणि सारखी रडत होती.

"एवढी रडते कशाला गं ती?" मी विचारलं.

"करमत नसेल, आजी."

"मग जावं की मालेगावला. एसटी असतात भरपूर."

त्यानंतरच्या खेपेला मी म्हटलं, "दिवाळीला तरी येणार आहे का गं तो?"

घाबरली की तिच्या तोंडी गावची बोली यायची. "आजी, मला नाय जमत आता. तो मेलाय. तुमच्या मुलानं बजावलं होतं, आईसमोर मरणाचं काही वाचू नका, ती लय हळवी हे."

"काढ ते पान आणि वाच," मी म्हणाले.

तिने वाचलं. पुस्तकातला म्हातारा दुपारचा जातो, म्हातारी तेव्हा विहिरीवर असते. वाचून झाल्यावर तिने पुस्तक मिटलं आणि विचारलं, "आपले आजोबा कसे गेले?"

हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मी सांगितलं. खाली भाजीवाला आला होता. मी मेथी घ्यायला उतरले, तेव्हा हे खुर्चीतून म्हणाले, "कोवळी बघून घे." मी जुडी घेऊन वर आले तर मान कलंडलेली होती. पुढे लोक जमले, ती मेथी ओट्यावर सुकली, कोणीतरी टाकून दिली. यांचं शेवटचं बोलणं मेथीचं होतं, एवढंच मला कोणाला तरी सांगायचं होतं. सांगता सांगता मी रडले, पदर भिजेपर्यंत रडले. मुलीने मला गप्प केलं नाही. त्याबद्दल मी तिची ऋणी आहे.

संध्याकाळी मुलाचा फोन आला. "आज काय वाचलं?"

"म्हातारा मेला त्यातला," मी म्हटलं. "आणि तुझे बाबाही गेलेत. ते काही मालेगावला गेलेले नाहीत."

मला वाटलं, आता म्हणेल, नको ते. पण तो म्हणाला, "आई, बाबा शेवटचं काय बोलले गं? मी वेळेवर पोचलो नाही, म्हणून विचारायचा धीरच झाला नाही."

मी भाजीवाल्यापासून सांगायला घेतलं. मेथीपाशी आले तेव्हा त्याला रडू आवरेना. आमच्या घरात हळवं कोण, ते मला त्या दिवशी कळलं.