सर्वरला रुमाल दिसत नाही

बीडच्या त्या नेट कॅफेत तेव्हा नेटची लाइन एकच, आणि ती एका टोपीवाल्या काकांनी अडवून ठेवलेली. चॅटवर दुबईतल्या भावाचं उत्तर येईना, तेव्हा एसटीच्या सीटवर टाकतात तसा कीबोर्डवर रुमाल पसरून हे खुशाल चहाला गेले! काय म्हणावं या माणसाला? मला निकाल बघायचा होता. रांगेत मी नुसता बोंबलत होतो.

काका परतले, तर चॅट तुटलेलं.

“रुमाल टाकून गेलतो की बे!” ते मालकावर खेकसले.

“काका, सर्वरला रुमाल दिसत न्हाई. लई वेळ गप बसलेल्याला तो काढून टाकतो.”

“म्हंजी तिथं बी बोंबलणाऱ्यालाच जागा,” म्हणत त्यांनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला.

नंबर कुणाचा होता कोण जाणे, खुर्ची मला मिळाली.