नकली दुकानाची बोहनी

बायको केळीचे वेफर विकते. इतवारा मोहल्ल्यातल्या आमच्या घरातून निघालेले पुडे तिच्या ऑनलाइन दुकानामुळे कुठे कुठे जातात. मी शाळेत गणित शिकवतो, म्हणून त्या दुकानामागचं सॉफ्टवेअर माझ्या गळ्यात पडलं. यंदा दिवाळीच्या तोंडावर कळलं, की आपलं व्हर्जन फार जुनं झालंय, अपग्रेड केल्याशिवाय गत्यंतर नाही.

"गिझर दुरुस्त केलात तसं नको," बायको म्हणाली. गिझर अजून रुसलेलाच आहे, पण ते असो.

मी या वेळी शहाण्यासारखं वागायचं ठरवलं. आधी सगळ्या माहितीचा बॅकअप. मग दुकानाची हुबेहूब नक्कल वेगळ्या पत्त्यावर उभी करायची, अपग्रेड त्या नकलेवर करायचं, ओळखीच्या कुणाकडून तिथं एखादी ऑर्डर टाकून बघायची आणि काही मोडलं नाही तरच खऱ्या दुकानाला हात लावायचा. हे सगळं मी आईला भिंतीवर बोट फिरवत समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि बोहनी कोणाच्या हातची?"

बोहनी म्हणजे पहिली विक्री. आमच्याकडे नव्या दुकानाची बोहनी शुभ हात पाहून करवतात. "मशीन नवं तर दुकान नवं," म्हणत आईनं गुरुवारची सकाळ आणि शेजारच्या काकू, दोन्ही पक्की करून टाकली.

हातावरून मला आत्या आठवली. वडिलांची धाकटी बहीण, खकनारला दिलेली. एके काळी बुधवारा बाजारात कुणाचं दुकान उघडलं की तिला बोलावणं यायचं. तिनं बोहनी केली की माल पडून राहत नाही, असं लोक म्हणायचे. आतोबा गेले तेव्हापासून तिला बोलावतात ते जेवायला. तोंडावर कुणी काही बोलत नाही, फक्त वेळ दुपारची, बोहनी उरकल्यानंतरची सांगतात.

मी तिला नकली दुकानाची लिंक पाठवली आणि लिहिलं, "आत्या, नव्या दुकानात पहिली ऑर्डर तू टाक." नकली हा शब्द राहून गेला. राहून गेला असं मी नंतर बायकोला सांगितलं. खरं म्हणजे नकली दुकानाच्या बोहनीला आई हरकत घेणार नाही, एवढा हिशेब मी करून ठेवला होता. मास्तर ना मी गणिताचा.

अर्ध्या तासात आत्याचा फोन आला. "अरे बाबू, तुझं दुकान माझा पत्ताच घेईना. बोलतंय पिनकोड गलत आहे. चाळीस साल झाले मला इथं, मी गलत कशी?"

नवं व्हर्जन खेड्यापाड्यांच्या पत्त्यांवर अडत होतं. मला ते दिसलंच नसतं, कारण मी दर वेळी आमच्याच घरचा पत्ता टाकून स्वतःची पाठ थोपटत होतो. दुरुस्ती केली आणि तिची ऑर्डर झाली: मिरीवाले पाच पुडे. मी खुशीत ओरडलो, "पास!"

मंगळवारी खकनारच्या बसनं एक पिशवी आली. आत नारळ, गूळ आणि चिठ्ठी. बोहनी आंघोळ करून, देवापुढे दिवा लावून केली आहे. गल्लीत सगळ्यांना सांगितलं. दुकान खूप चालेल. खाली लिहिलं होतं, "इतक्या वर्षांनी कुणी माझा हात मागितला."

बायकोनं चिठ्ठी दोनदा वाचली. "ही कुठल्या दुकानाची बोहनी?"

मी सांगितलं. गुरुवारी खऱ्या दुकानाचं अपग्रेड झालं की नक्कल पुसायची, तिच्या ऑर्डरीसकट, हेही सांगितलं. बायकोनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर भांडता तरी आलं असतं. मला फार लाज वाटली.

"ती नक्कल नीट चालते ना?" तिनं विचारलं. "मग तीच खरी करा."

मी म्हटलं, असं होत नाही. नक्कल शनिवारी केली, तेव्हापासूनच्या ऑर्डरी जुन्या दुकानात आहेत, त्या एकेक करून हातानं उतरवाव्या लागतील.

"मग उतरवा."

बुधवारी शाळेला रजा टाकली. जुन्या दुकानावर 'थोडा वेळ बंद' अशी पाटी लावली आणि बसलो. बायको नावं-पत्ते वाचायची, मी टाकायचो, ती पुन्हा पडताळून माझ्या चुका काढायची. दुसऱ्याच्या वहीतून उतरवणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं करतो. त्या दिवशी माझी दया यायला वर्गातलं कुणी नव्हतं. संध्याकाळी दुकानाचा खरा पत्ता नव्याकडे वळवला. उतरवलेल्या सगळ्या ऑर्डरी आत्याच्या ऑर्डरीनंतर लागल्या होत्या.

गुरुवारी सकाळी आई काकूंना घेऊन आली. काकू ठेवणीतली साडी नेसून, मोबाइल चार्ज करून तयार. बायकोनं स्क्रीन आईपुढे धरली. "आई, बोहनी झाली आहे."

आईनं नाव वाचलं. गावाचं नाव वाचलं. मी घाईघाईनं बॅकअपपासून समजवायला लागलो, तर तिनं हातानंच गप्प केलं. काकूच म्हणाल्या, "मी दुसरी टाकते, त्यात काय?"

आई आत गेली. मांडणीवरून मिरीवाले पाच पुडे स्वतः काढले, पिशवीत भरले आणि चपला शोधू लागली.

"कुरिअर येतो की दुपारी," मी म्हटलं.

"बोहनीचा माल आहे, मी नेते. आणि तिला फोन नका करू," आई म्हणाली. "तिच्या हातानं दुकान उघडलं, हे मीच सांगते तिला."