खडकावरची माती

माझ्या इओतेबामामाच्या वाटेला सहसा कुणी जात नसे. त्याच्या तरुण मुलाला समुद्राने होडीसकट नेलं, तेव्हापासून मामाने प्रार्थना सोडली आणि बाबाईचे, म्हणजे आमच्या बेटावरच्या मोठ्या अळूचे, कंद लावायचा घरचा खड्डाही ओस टाकला. रविवारी देवळात येई तो फक्त माझ्या आईच्या, रोतियाच्या, हट्टापायी. येऊन खांबाला टेकून डोळे मिटून बसे.

एका रविवारी उपदेशक तेकिनाती यांनी शुभवर्तमानातला पेरणाऱ्याचा दाखला वाचला. काही बी वाटेवर पडलं, काही खडकावर, आणि खडकावरचं करपून गेलं. आमच्याकडे बी कुणी फेकत नाही, कोंब हाताने लावतात. त्यामुळे बायकांना त्या वेंधळ्या शेतकऱ्याचं हसूच आलं. मामा मात्र उठून उभा राहिला.

"तेकिनाती, आपलं अख्खं बेट खडकाचं आहे. म्हणजे देवाने आपल्यावर आधीच पाणी सोडलंय म्हणा की."

एवढं बोलून तो चालता झाला. मला तर मामाचंच पटलं.

दुसऱ्या दिवशी आईने मामाच्या ओस खड्ड्यात एक कोंब लावला आणि पाला भरायला ये, असा त्याला निरोप धाडला. कोंबाभोवती बिनबुडाची टोपली विणून तीत कोणता पाला कसा भरायचा, हे आमच्या घरचं गुपित. आजोबांनी ते एकट्या मामाला दिलेलं. तो कुरकुरत आला.

"ताई, तू माझा पिच्छा सोडणार नाहीस."

"कोंब वाळतोय. आधी काम कर, मग भांड."

गुपित दिसू नये म्हणून रीतीप्रमाणे आई आणि मी, दोघींनी पाठ फिरवली. पाला चिरल्याचा आवाज येत राहिला आणि मग एकाएकी थांबला.

"ताई, ही काळी माती इथे आधी होती का गं?"

"नव्हती. आपल्या बापाने केली. पाला कुजवून कुजवून."

"खडकावर?"

"खडकावरच."

न राहवून मी वळले. मामा चिखलात गुडघे टेकून बसला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने मुलाचं नाव घेतलं आणि तो कुठे आहे, असं देवाला विचारलं. मग उत्तर ऐकायला तो अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राहिला, आणि आईने त्याला जेवायलाही हाक मारली नाही.