पवळीनं ओ देल्ली

आमचा बुढा आसगावचा ढोरकी. नाव मी घेत नाई, गाव त्याले कवडू म्हन्ते. सारा जन्म गावाची ढोरं चारन्यात गेला, पन सोताच्या दावनीले एक शेरडू नाई. "आपल्याले एक गाय काहून नाई जी?" असं इचारलं का हासते. म्हन्ते, "साऱ्या माह्याच त हायेत!" घ्या! अशा मानसाशी भांडाव त कसं?

लंपीच्या साली दवाखान्याच्या कीर्ती मॅडम आल्या. ढोरायले सुया टोचल्या, कानात पिवळे बिल्ले लावले. मंग सरकारचा हुकूम आला. ढोरं एका जागी जमवाची नाई, बैलबाजार बंद, या गावचं ढोर त्या गावी न्याचं नाई, अना आंगावर गाठी आल्या का वेगळं बांधून दवाखान्यात सांगाचं. बुढा घरी बसला. घरी बसलेला ढोरकी म्हन्जे डोक्याले ताप! चुलीपाशी येऊन मलेच हाकलून राहिला, "हो, हो, बाजूले!"

दिवाळीत गायगोधन आलं. दरसाल तो गोठ्यागोठ्यात जाऊन गायीच्या गळ्यात पळसाच्या मुळ्यायचा गंडा बांधते. मॅडमनं बजावलं, "आवंदा कोनाच्या गोठ्यात पाय ठेवू नका, बाबा. एका घरचा रोग दुसऱ्या घरी जाईन." बुढ्यानं ऐकलं. गंडे घरच्या मानसायच्या हाती देल्ले अना रस्त्यावरूनच नाव घेऊन एकेका गायीले हाक मारली. आतून गाय हंबरे, घरचे गंडा बांधत, मंग हा पुढच्या घरी जाय. माह्या डोळ्यात पानी आलं, खोटं कायले बोलू?

सुंदरबाईच्या दारात आलो. एकटी बाई. पवळी गाय अना तिचं वासरू, एवढंच तिचं गनगोत. "पवळी वावरात बांधली हाय," ती फटकन बोलली. पन बुढ्याले सवय. त्यानं हाक मारलीच, "पवळेऽऽ!"

धानाच्या खोलीतून हंबरन्याचा आवाज आला.

"वावर घरात आलं का वो?" मी बोलून गेली. माही जीभच तशी. पन तिचं तोंड पाह्यलं अना मले मेल्यावानी झालं. मंग तिनंच सांगतलं, पवळीच्या आंगभर गाठी होत्या. सरकार गाय नेते अना गाडून टाकते, असं कोनीतरी तिच्या कानात भरवलं होतं. म्हनून बिचारीनं लपवली.

"सांगाव त लागते, सुंदरबाई," बुढा म्हनला. "नाई त गावची ढोरं जातीन."

"सांगशीन त माहा तळतळाट लागन तुले, कवडू!"

तरी त्यानं सांगतलं. मॅडम आल्या, पवळीले पाह्यलं अना सुंदरबाईचा हात धरून म्हनल्या, "कोनी नेत नाई, आजी. सुया इथंच देतो. पन हिले पाहनाऱ्यानं दुसऱ्या ढोराले हात लावाचा नाई. तुम्ही वासराले सांभाळा. हिच्यासाठी वेगळा मानूस पाह्यजे."

आता असा मानूस कुठून आनाचा? घरोघरी ढोरं. सारे एकमेकायचं तोंड पाहून राहिले. अना मंग सारे आमच्या बुढ्याकडं पाहाले लागले.

सुंदरबाईच्या परसात पवळीले वेगळा मांडव घातला, अना बुढ्यानं तिथंच बाज टाकली. जखमा धुये, निंबाचा धूर करे, कोंड्याची पेज पाजे. मी कुडावरून शिदोरी देऊन ये अना भांडून ये. "माह्या तापात कधी बसला होता का असा उशाशी?" सुंदरबाई त्याच्याशी बोलत नोयती, पन चहाची कपबशी ओट्यावर ठेवून देये.

खपल्या गळाल्या. पवळी उठली, चाऱ्याले तोंड लावाले लागली. एका सकाळी सुंदरबाई आमच्या आंगनात येऊन उभी राहिली, कमरेवर हात, डोळे लालभडक. मले वाटलं, आली भांडाले.

"रुखमिने, तुहा बुढा घरी ने वो! माही गाय माह्याच हातचं खाऊन नाई राहिली!" अना हासता हासता रडालेच लागली. मी तिले पोटाशी धरलं.

"राहू दे वो," मी म्हनलं, "तिले धड चालाले येऊ दे. मंग दोघंही सोबतच इकडं येतीन."